ऊन चढायच्या आत

(दृश्य : भेगाळलेलं शिवार, लांबवर येळ्ळूरचा राजहंसगड)

बेळगावच्या दक्षिणेला वडगाव संपलं की येळ्ळूरच्या बाजूचं शिवार लागतं. काळी जमीन. पावसाळ्यात इथं भात, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा. मार्चपर्यंत तेही घरात येतं आणि शिवार उघडं पडतं. बोटं आत जातील एवढ्या भेगा. एप्रिलमध्ये हिरवं काही बघायचं असेल तर गल्लीत शिरून घरांच्या मागं जावं लागतं.

(दृश्य : अरुंद बोळ, यंत्रमागाचा आवाज, मग परड्याचं दार)

हे विणकरांच्या गल्लीतलं एक घर. पुढच्या खोलीत मागाची खटखट, मागं परडं. विहिरीच्या कठड्याशी कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू, आणि उरलेल्या खोलीभर जागेत भेंडी, गवारी, वांगी, मिरची. भिंतीवर दोडक्याचा वेल. बी पडलं ते महाशिवरात्रीच्या सुमारास. भेंडी-गवारीला पहिल्या तोडणीपर्यंत 45 ते 50 दिवस लागतात, त्यामुळं हनुमान जयंती आली की टोपली रिकामी परतत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे. दुपारचा पारा पस्तिशी ओलांडतो, पण रात्री हवा उतरते. टोमॅटोला याचा फायदा होतो. रात्रीही उकाडा राहिला तर त्याची फुलं फळ न धरताच गळतात.

(दृश्य : सकाळ. भेंडीचं फूल, अगदी जवळून)

फिक्कं पिवळं फूल, आत गर्द किरमिजी डोळा. सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तिथून पाच-सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते. घरच्या आजी टोक वाकवून बघतात. कट्कन मोडलं तर कोवळी. नुसतं वाकलं, चिवटपणा लागला, तर गेली. सुनेला त्या पानाआडची एक दाखवतात, "ती खालची ऱ्हायली बघ. उद्याच्याला चिपाड हुतंय तिचं."

एका भेंडीसाठी एवढी घाई का, असं वाटेल. झाड शेंग धरतं ते बी पिकवायला. एक-दोन शेंगा जून झाल्या की त्याची ताकद त्या बियांत जाते आणि वर नवी फुलं कमी येतात. म्हणून दिवसाआड तोडणी, पाहुणे असोत की लग्नघाई. उन्हाळी बाग पाण्यावर चालते हे खरंच, पण पाणी घालणारे पुष्कळ भेटतात. दिवसाआड वाकून पानं उलटणारे कमी. शिवाय भेंडीची लव अंगाला लागली की हात खाजतात, म्हणून जुनी पूर्ण बाह्यांची झंपर तोडणीसाठी वेगळी ठेवलेली असते.

पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि नळाची वाट बघावी लागते. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठतं, ते संध्याकाळी आळ्यात. वर पाचटाचा थर, ओल टिकायला. काकडीच्या पाण्यात खंड पडला तर ती कडू होण्याची भीती असते. काकडीच्या देठाकडची चकती कापून घासायची पद्धत घरोघरी आहे. कडू दुधीला मात्र असली सवलत नाही. कडू लागला तर तो सरळ टाकून द्यायचा, रसही घ्यायचा नाही. त्यातल्या कडू द्रव्यानं खरोखरीची विषबाधा होते.

(दृश्य : संध्याकाळ. भिंतीवरचा वेल)

आता दोडका. दिवसभर हा वेल नुसता पानांचा दिसतो. उन्हं कलली, माग थांबले, की याची पिवळी फुलं उमलायला लागतात. याचाच भाऊ घोसाळं, ते पहाटे फुलतं. नर फुलांचे घोस असतात. मादी फूल एकटं, आणि त्याच्या मागं करंगळीएवढा दोडका आधीच तयार. मधमाशी किंवा पतंग आला तर ठीक. नाही आला तर तो चिमुकला दोडका पिवळा पडून गळतो. म्हणून दिवेलागणीला सून नर फूल खुडते, पाकळ्या मागं सारते आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवते.

दोडक्याची भाजी कुणाला आवडत नाही म्हणे. शिरांची चटणी मात्र भाकरीबरोबर सगळ्यात आधी संपते, तीळ आणि सुकं खोबरं घालून परतलेली.

(दृश्य : गच्ची, वाळवण)

मेच्या मध्यावर घरच्यांना खाऊन संपत नाही. गणपत गल्लीच्या बाजारात विकायला न्यावं इतकंही नसतं. मग भिंतीवरून हाक जाते, "अक्का, पोराकडनं पिशवी पाठवा की!" पलीकडून कानडीतून उत्तर येतं आणि पिशवीतून चार कैऱ्याही. राहिलेली गवारी मीठ-ताकात बुडवून गच्चीवर वाळत पडते, पावसाळ्यात तळून खायला. शेजारच्या चादरीवर वर्षाच्या चटणीसाठी ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या. या दिवसांत सगळ्यांची एक नजर आभाळाकडं असते. दुपारनंतर ढग चढले की वळीव गाठतोच, आणि मग चादरी गोळा करायला मागावरचा माणूससुद्धा वर पळतो.

वेलावर एक दोडका मुद्दाम सोडलाय, देठाला चिंधी बांधून. जवारी, म्हणजे गावठी बी आहे, तीन घरांनी आधीच मागून ठेवलंय.