रायफलच्या ॲल्युमिनियमला घाम लागतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आज नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं आहे. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यामुळे लाखांच्या घरातली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, आता आपल्याकडच्या साध्या घरांतही येते. वर्षभरात तिच्या ॲल्युमिनियमच्या स्टॉकच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या सांगाड्याच्या, कडा पांढऱ्या पडू लागतात आणि पालक घाबरतात: गंज लागला की काय?

बहुतेक वेळा तो गंज नसतो. ॲल्युमिनियमवरचा लाल, निळा, काळा रंग हा ॲनोडायझिंगचा असतो. धातू आम्लात बुडवून वीज सोडली की त्याच्याच पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढतो. त्याच्या बारीक छिद्रांत रंग भरतात आणि गरम पाण्यात ती छिद्रं बंद करतात. हा थर फार कठीण असतो, पण टोकदार कडेवर त्याला बारीक भेगा राहतात. म्हणून बॅगेची चेन, जॅकेटचं बक्कल, रेंजवरचं स्टँड यांच्या घासण्यानं रंग आधी कडेचाच जातो. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर हवेत लगेच पातळ ऑक्साइड पुन्हा तयार होतं. दिसायला वाईट, पण त्यानं नेम बिघडत नाही.

खरी काळजी करायची ती पांढऱ्या भुकटीची. जाड कॅनव्हासच्या जॅकेटात तास-दोन तास उभं राहिलेल्या मुलाचा घाम चीक पीसवर (गाल टेकवायच्या भागावर) आणि ग्रिपजवळ (हाताच्या मुठीजवळ) उतरतो. घामातलं मीठ तो पातळ थर फोडतं आणि धातूत बारीक खड्डे पडून ती भुकटी बाहेर येते. त्यात तिथं स्टीलचा स्क्रू असेल तर दोन धातू आणि खारं पाणी मिळून छोटी बॅटरीच तयार होते. झिजतं ते ॲल्युमिनियम. स्क्रू मात्र शाबूत राहून जागेवरच जाम होतो. वरळीच्या रेंजवर तर समुद्राची हवाही खारी. त्यामुळे मुंबईकरांनी स्क्रू अधूनमधून सैल करून, पुसून, किंचित ग्रीस लावून पुन्हा बसवावेत. ग्रीस ग्रॅफाइटचं नको, कारण ॲल्युमिनियमशी ग्रॅफाइटचंही तसंच वैर आहे.

पुसायला ओलसर मऊ फडकं, मग कोरडं फडकं, एवढं पुरतं. धुण्याचा सोडा, फरशीचं ॲसिड, भांडी घासायची पावडर यांच्यापासून रायफल लांब ठेवा. आम्ल आणि अल्कली दोन्ही हा थर खातात. आणि सराव संपल्यावर घामेजलेली रायफल तशीच केसमध्ये बंद करू नका. आतला स्पंज ओल धरून ठेवतो. घरी गेल्यावर मोठ्यांच्या देखरेखीखाली ती बाहेर काढून वाळू द्या, मगच कुलपात ठेवा.

आता एअर रायफलच्या सिलिंडरबद्दल, आणि हे कृपया नीट ऐका. बऱ्याच रायफलींचा सिलिंडर ॲल्युमिनियमचाच असतो आणि त्यात साधारण 200 बार दाबाची हवा असते. हवा दमट भरली तर आत पाणी साचतं आणि आतून होणारी झीज बाहेरून दिसत नाही. म्हणून हवा कोरडी करणाऱ्या फिल्टरमधूनच भरून घ्या. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला उत्पादक सहसा 10 वर्षांची मुदत देतात आणि ती पाळणं ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे. रंग उडाला म्हणून त्याला पुन्हा ॲनोडायझिंग करायला देऊ नका, पॉलिश पेपर मारू नका, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. जुनी रायफल विकत घेताना आधी ती तारीख वाचा. आणि मुदत संपलेला सिलिंडर ‘सरावापुरता चालेल’ म्हणून एखाद्या नवख्या मुलाच्या हाती देऊ नका.

नमस्कार.