ट्राम आली, तर वडापचं काय?

(सांगलीतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सांगली-मिरज रस्त्यावर ट्राम धावू लागली असं घटकाभर धरून चालू. रूळ कुठून न्यायचे यावर वाद होईल, तो होऊ दे. त्याआधी एवढंच सांगा, वाटेत विश्रामबागला उतरलेला माणूस पुढं कुपवाडला कसा जाणार?

ट्राम दर 8 मिनिटांनी आणि कुपवाडची सिटी बस दर 15 मिनिटांनी ठेवली, तर सकाळी 6 ला जुळलेली वेळ पुन्हा जुळते ती थेट 8 वाजता. मधले दोन तास कधी बस डोळ्यांदेखत निघून जाते, कधी चौदा मिनिटं ताटकळावं लागतं. त्यापेक्षा ट्राम 10 वर आणि बस 20 वर आणा. ट्राम थोडी विरळ होते, पण दर दुसऱ्या ट्रामला बस हमखास मिळते.

तेवढ्यानंही भागत नाही. सांगलीकडची आणि मिरजेकडची, दोन्ही ट्राम विश्रामबागला एकाच वेळी पोचायला हव्यात. नाहीतर एका बाजूच्या लोकांची सोय आणि दुसऱ्या बाजूची गैरसोय. बस ट्रामच्या 3 मिनिटं आधी येऊन 3 मिनिटांनी सुटावी, म्हणजे सहा मिनिटं उभी. म्हणून तिचं शेवटचं ठिकाण तिथंच असलेलं बरं, आत बसलेले प्रवासी वैतागत नाहीत. आणि शेवटच्या ट्रामला उशीर झाला, तर शेवटच्या बसनं थांबलंच पाहिजे. त्या रात्री ताटकळलेला माणूस दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढतो.

चौकातला थांबा सिग्नल ओलांडल्यावर ठेवा. आधी ठेवला, तर माणसं चढेपर्यंत हिरवा दिवा वाया जातो. ताशी 40 किलोमीटरनं येणारी ट्राम 200 मीटर साधारण 18 सेकंदांत कापते; तेवढ्या अंतरावर रुळात संवेदक बसवला, की हिरवा लांबवायला वेळ मिळतो.

आता वडाप, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीप आणि रिक्षा. त्यांना हुसकावून उपयोग नाही, आतल्या गल्ल्यांत तीच पोचतात. थांब्याच्या शेपटाला, रुळांपासून दूर, त्यांना हक्काची जागा आखून द्या. ट्रामला अडथळ्याच्या बाजूनं वळून जाता येत नाही. ताशी 50 च्या वेगात नेहमीचा ब्रेक लावला, तर थांबायला सुमारे 80 मीटर लागतात. एक वडाप रुळावर टेकलं, की मागची सगळी लाइन ठप्प.

सायकलवाल्यांसाठी रूळ जवळजवळ काटकोनात ओलांडता येतील असे रस्ते आखा. तिरकं गेलं की चाक खाचेत अडकतं.

खालच्या पाइपांचंही बघा. पाणी, ड्रेनेज, केबल आधी रुळांखालून हलवावे लागतात, नाहीतर गळती काढायला लाइन बंद. एडिंबरात हेच काम लांबलं. 2014 ला ट्राम सुरू झाली तेव्हा खर्च 77 कोटी 60 लाख पौंडांवर गेला होता.

आपल्याकडं त्यात पुराची भर. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. विजेची उपकेंद्रं लाइनच्या कडेला दर दीड-दोन किलोमीटरला लागतात. त्यांचा ओटा त्या खुणेच्या वर बांधायचा.