पत्त्यावर माझं नाव

नमस्कार मंडळी. २०२५ च्या मे महिन्यात भाचीच्या ग्रॅज्युएशनला अमेरिकेत गेले होते, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिला म्हटलं, मला जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला घेऊन चल. तिला वाटलं आत्याला खरेदी करायची असेल. मी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात आईचं एरोग्राम होतं, तेच निळं, दुमडून चिकटवायचं पत्र, घडीवर फाटलेलं. त्यावरचा पत्ता दाखवून म्हटलं, हे घर शोधायचंय.

नोव्हेंबर १९९८ मध्ये लग्नाला चार महिने झाले असताना मी त्या घरात गेले. ते वायटूकेचे दिवस, म्हणजे २००० साल उजाडताच कॉम्प्युटर तारखांत गोंधळतील अशी धास्ती होती ते, तेव्हा घरटी एकतरी मुलगा कॉम्प्युटर शिकून बाहेर चाललेला असायचा, माझा नवराही तसाच एच-वन या नोकरीच्या व्हिसावर गेलेला आणि मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलेलं, कराडला दोन वर्षं कॉलेजात शिकवलेलं, आणि इथे सकाळी नवरा पाथ ट्रेनने न्यूयॉर्कला गेला की संध्याकाळी सातपर्यंत मी, खोली गरम ठेवणारा, रात्रंदिवस फुसफुसणारा तो रेडिएटर आणि खिडकी. पाथचं तिकीट तेव्हा एक डॉलर होतं, पण डॉलर बेचाळीस रुपयांचा, त्यामुळे मी मनात गुणाकार करायचे आणि पायीच फिरायचे. नेवार्क अव्हेन्यूवर गुजराती दुकानांत मेथी, कढीपत्ता सगळं मिळायचं, तिथे बरं वाटायचं. चौकात १९२९ चं लोज थिएटर, त्याच्या घड्याळावर घोड्यावर बसून ड्रॅगनशी लढणारा सेंट जॉर्ज, मी रोज त्याच्याकडे बघून किती वाजले आणि कराडला आत्ता किती वाजले असतील ते मोजायचे, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक.

अशीच चालत चालत फाइव्ह कॉर्नर्सच्या पब्लिक लायब्ररीत पोचले. पुस्तकं बघून इतका आनंद झाला की काय सांगू, पण कार्ड पाहिजे तर तुम्ही इथे राहता याचा पुरावा द्या म्हणाले. आता पुरावा कुठून आणू? घराचं भाडं, लाइटबिल, फोनबिल सगळं नवऱ्याच्या नावावर. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचा सरकारी ओळख क्रमांक, तोही माझ्याकडे नव्हता. पासपोर्ट सोडला तर त्या अख्ख्या देशात माझं नाव लिहिलेला कागद माझ्याकडे नव्हता. घरी येऊन खूप रडले, आणि मग ड्रॉवरमध्ये आईचं पत्र दिसलं.

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. इंग्रजी पत्ता ती एकेक अक्षर सुटं काढून, पट्टी ठेवून लिहिल्यासारखा लिहायची. वर माझं नाव, जावयाचं नाही, माझं एकटीचं, मग घर नंबर, रस्ता, जर्सी सिटी, पिनकोड ०७३०६, आणि तिकिटावर कराडच्या पोस्टाचा शिक्का. दुसऱ्या दिवशी ते घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी पत्र उलटसुलट बघितलं, पासपोर्टशी नाव जुळवलं, म्हणाल्या, टपाल तुमच्या नावाने याच पत्त्यावर आलंय ना, मग झालं तर. आणि कार्ड दिलं. माझं परदेशातलं आयुष्य तिथून सुरू झालं असंच मी धरते, एअरपोर्टपासून नाही.

एच-फोरवाल्या बायकांपैकी काहींना कामाची परवानगी मिळायला २०१५ उजाडलं, तीही नवऱ्याचं ग्रीनकार्डचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलं असेल तरच. आम्ही २००७ लाच पुण्याला परत आलेलो. इतक्या शिकलेल्या मुली इतकी वर्षं घरात बसल्या याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तर आम्ही पाथने गेलो, या वेळी तीन डॉलर लागले. स्टेशनबाहेर आले आणि क्षणभर काही ओळखूच येईना, पन्नास पन्नास मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत. ज्या पेपरवरून चौकाला नाव पडलं तो जर्सी जर्नल छापायचाही फेब्रुवारीत बंद झाला म्हणे, १८६७ पासूनचा पेपर. पण सेंट जॉर्ज दिसला आणि पाय आपोआप बरोबर वळले.

बिल्डिंग होती. तीन मजली, विटांची, दाराला नवा रंग. "आत्या, हीच का गं?" भाचीने विचारलं आणि मला उत्तर देता येईना. कोणीतरी बाहेर पडलं त्यांनी दार धरून ठेवलं, म्हणून आतल्या बोळापर्यंत गेलो. तिथे टपालाचे पत्र्याचे डबे अजून तसेच होते. आमच्या डब्यावर एक छापील पट्टी, कुणा पुरुषाचं नाव, बहुतेक तेलुगू, आणि त्याच्याखाली नंतर चिकटवलेला छोटा कागद, त्यावर निळ्या पेनने, एकेक अक्षर सुटं काढून, एका मुलीचं नाव.

मी ते नाव हळूच पण आवाज काढून वाचलं. दोनदा वाचलं.

"ओळखीची आहे का?" भाची म्हणाली.

नाही गं, म्हटलं, आणि आईचं पत्र पिशवीत घालून आम्ही स्टेशनकडे निघालो.