हवं तेच व्हर्जन

[दृश्य: काळं टर्मिनल. एचटॉपचे हिरवे-लाल पट्टे कमीजास्त होताहेत.]

हे एचटॉप. मशिनवर काय काय चाललंय, कोणता प्रोग्राम किती मेमरी खातोय, ते एका नजरेत दाखवणारं छोटंसं साधन. इथे चालू आहे ते 3.4.1. आपल्याला हवंय 3.3.0, म्हणजे जानेवारी 2024 चं. कारण कुठलंही असो. ज्या सर्व्हरशी ताडून पाहायचंय तिथे जुनंच असेल. एरवी अशा वेळी रिपॉझिटरीत जे असेल ते घ्यायचं आणि गप्प बसायचं. आपल्या मशिनवर कोणतं व्हर्जन चालावं हे आपण ठरवायचं, ही सोय निक्स हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्राम बसवणारं साधन, देतं.

[दृश्य: उट्रेक्ट. कालव्याकाठच्या सायकली, मग विद्यापीठाचा परिसर.]

नेदरलंड्समधलं उट्रेक्ट. एल्को डोल्स्ट्रा यांनी 2003 मध्ये इथल्या विद्यापीठात निक्सचं काम सुरू केलं, आणि 2006 मध्ये त्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. कल्पना गणितातल्या फंक्शनची. सोर्स, कंपायलर, लायब्रऱ्या, बिल्डची स्क्रिप्ट हे सगळं आत जातं, पॅकेज बाहेर येतं. आत जाणाऱ्या कशातही तसूभर फरक पडला, की बाहेर येणारं पॅकेज वेगळं मानायचं आणि वेगळ्या जागी ठेवायचं.

[दृश्य: स्टोअरची यादी सरकत्येय. एका ओळीवर थांबते.]

ती जागा ही. स्लॅश निक्स, स्लॅश स्टोअर, मग 32 अक्षरांचा हॅश, म्हणजे आत गेलेल्या सगळ्यावरून काढलेली खूण, मग नाव आणि व्हर्जन. इथे जुन्यावर नवं लिहिलं जात नाही. 3.4.1 आपल्या जागी, 3.3.0 आपल्या. एकाला हात लावला म्हणून दुसरं मोडत नाही.

[दृश्य: एडिटर. चार-पाच ओळी टाइप होताहेत.]

आता बदल. मूळ पॅकेजची फाइल उघडायचीसुद्धा नाही. आपल्या फाइलमध्ये लिहायचं: एचटॉप घे, त्यावर ओव्हरराइड-अ‍ॅट्र्स (पॅकेजच्या व्याख्येतल्या नोंदी बदलणारं फंक्शन) लाव, व्हर्जन 3.3.0 कर. बिल्ड झालं, तक्रार नाही. स्टोअरमध्ये नवी ओळ आली, नावात 3.3.0 आहे.

[दृश्य: टर्मिनल. व्हर्जन विचारल्यावर आलेलं उत्तर, जवळून.]

आणि प्रोग्रामलाच व्हर्जन विचारलं, तर तो सांगतो 3.4.1.

इथे नीट बघा, कारण नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात. आपण बदलली ती फक्त पाटी. सोर्स गिटहबवरून येतो आणि पॅकेजच्या फाइलमध्ये त्याच्याजवळ त्या सोर्सचा स्वतःचा वेगळा हॅश लिहिलेला असतो. निक्सचा विश्वास लिंकवर नाही, त्या हॅशवर आहे. हॅश जुनाच, आणि त्या हॅशचा सोर्स स्टोअरमध्ये आधीच हजर. मग निक्स डाउनलोड कशाला करेल? ही गोष्ट मॅन्युअलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत हवी, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: एडिटर. हॅशच्या जागी 'ए' या अक्षराची लांबलचक रांग.]

म्हणून सोर्सही आपणच लिहायचा. टॅग 3.3.0, आणि हॅशच्या जागी मुद्दाम खोटा हॅश, ओळीने नुसते 'ए'. बिल्ड लावा.

[दृश्य: लाल अक्षरांतली एरर. दोन हॅश एकाखाली एक.]

ही एरर आपल्याला हवीच होती. वरचा हॅश आपण सांगितलेला, खालचा प्रत्यक्ष मिळालेला. खालचा उचलायचा, 'ए'च्या जागी ठेवायचा. एवढंच, की आत्ता आपण पहिल्या डाउनलोडवर भरवसा टाकला. काम महत्त्वाचं असेल तर प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या सहीशी तो सोर्स आधी ताडून घ्या. यापुढे मात्र त्या सोर्सचा एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला, तरी निक्स तो घेणार नाही.

[दृश्य: बिल्डच्या ओळी पळताहेत. एचटॉप उघडतं, व्हर्जन 3.3.0.]

आलं.

व्हर्जन तेच ठेवून नुसती एखादी लायब्ररी किंवा पर्याय बदलायचा असेल, तर त्याला साधं ओव्हरराइड आहे. आणि बदल सगळीकडे लागू व्हायला हवा असेल, तर ओव्हरले.

[दृश्य: ओव्हरलेची फाइल. 'फायनल' आणि 'प्रिव्ह' हे शब्द ठळक.]

ओव्हरलेला दोन गोष्टी मिळतात. प्रिव्ह म्हणजे आपण हात लावण्याआधीचा पॅकेजसंच, फायनल म्हणजे सगळे बदल झाल्यावरचा. एचटॉप घ्यायचं ते प्रिव्हमधून. फायनलमधून घेतलंत तर व्याख्या स्वतःलाच शोधत फिरते आणि निक्स अनंत पुनरावृत्तीची एरर देऊन थांबतं.

[दृश्य: अवलंबित पॅकेजांचा आलेख, फांद्या फुटत जाताहेत.]

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीसारखं बुडाचं पॅकेज असं बदललं, तर त्यावर उभी असलेली हजारो पॅकेजं पुन्हा बिल्ड होतात आणि तयार बायनरींचा कॅशे उपयोगी पडत नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या साधनात बॅकडोअर, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, सापडलं, तेव्हा याच कारणाने निक्सओएस या निक्सवर उभ्या असलेल्या लिनक्सच्या अनस्टेबल शाखेत जुनं व्हर्जन परत यायला कित्येक दिवस लागले. ग्नू प्रकल्पाच्या गीक्सने, म्हणजे निक्ससारख्याच पॅकेज मॅनेजरने, यावर ग्राफ्ट आणलं: वरची पॅकेजं तशीच ठेवायची, फक्त त्यांच्या आतले बुडाच्या पॅकेजचे पत्ते बदलायचे.

[दृश्य: पुन्हा एडिटर. एचटॉपच्या ओळींशेजारी एक टिप्पणी लिहिली जात्येय.]

या ओळी आता फाइलमध्ये राहतील. मूळ पॅकेजसंच कितीही पुढे गेला, सुरक्षेची दुरुस्ती आली, तरी इथलं एचटॉप 3.3.0 वरच थांबेल. म्हणून का थांबवलं आणि कधी काढायचं, ते टिप्पणीत तिथल्या तिथे लिहून ठेवा. काम झालं की ओळी पुसा आणि पुन्हा बिल्ड लावा, 3.4.1 चा हॅश कॅशेत असतोच, ते काही सेकंदांत परत येतं.