दोस्त राष्ट्रांची दोस्ती

नमस्कार श्रोतेहो.

25 एप्रिल 1945 ची सकाळ. जर्मनीतल्या स्ट्रेला नावाच्या लहानशा गावापाशी, एल्ब नदीच्या पश्चिम काठावर काही अमेरिकन सैनिक जीपमधून येऊन थांबले. पलीकडे रशियन फौज. काठाला एक होडी होती, पण साखळीनं जखडलेली. लेफ्टनंट कोट्झेब्यूनं हातबॉम्ब लावून ती साखळी तोडली. फळ्या आणि बंदुकांचे दस्ते पाण्यात मारत हे लोक कसेबसे पलीकडे पोचले.

तो काठ प्रेतांनी भरला होता. जीव घेऊन पळणारी साधी माणसं तिथं मरून पडली होती. त्यात एक लहान मुलगी होती, हातात बाहुली तशीच धरलेली. त्या प्रेतांमधून वाट काढत दोन्ही सैन्यं भेटली. आता बोलायचं कसं? यांना रशियन येईना, त्यांना इंग्रजी. जो पोलोव्स्की नावाच्या अमेरिकन शिपायाला जर्मन येत होतं, रशियनांतही एकाला येत होतं. मग ज्या शत्रूला मारत दोघं तिथवर आले होते, त्याच्याच भाषेत सगळ्यांनी शपथ घेतली, की असं युद्ध पुन्हा होऊ द्यायचं नाही. आपण पुस्तकात पाहतो तो हात मिळवतानाचा फोटो मात्र या जागेचा नाही. तो जवळच्या तोर्गाव गावातल्या मोडक्या पुलावर दुसऱ्या दिवशी मुद्दाम उभं करून काढलेला आहे.

पुढच्या चार वर्षांत हेच दोस्त एकमेकांवर तोफा रोखून बसले. का? शाळेतलं उत्तर सोपं होतं: एक भांडवलशाही, दुसरा साम्यवादी. मला ते कधीच पुरलं नाही. कारण हे काय 1945 साली नव्यानं कळलं होतं? 1918 मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन फौजा बोल्शेविकांच्या, म्हणजे रशियातल्या साम्यवाद्यांच्या, विरोधात रशियाच्या भूमीवर उतरल्या होत्या. अमेरिकेनं सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती थेट 1933 साली. 1939 मध्ये तर स्टालिननं हिटलरशीच करार केला होता. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा चर्चिल आपल्या चिटणीसाला म्हणाला होता, हिटलरनं नरकावर स्वारी केली तर मी सैतानाबद्दलही संसदेत चार बरे शब्द बोलेन. आपल्या वर्तमानपत्रांनी या मंडळींना 'दोस्त राष्ट्रं' म्हटलं, पण दोस्ती होती ती अशी.

हिटलरच्या या स्वारीचा धक्का आपल्याकडेही पोचला, बरं का. इथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी साम्राज्यशाहीचं असलेलं युद्ध 'लोकयुद्ध' झालं. 1942 च्या चळवळीत काँग्रेसचे पुढारी तुरुंगात, आणि गिरणगावात डफावर स्टालिनग्राडचा पोवाडा, असं ते चित्र होतं.

दोस्तीचा हिशेबही दोन्ही घरी वेगवेगळा लिहिला जात होता. रशियानं 2 कोटी 70 लाखांच्या आसपास माणसं गमावली, अमेरिकेनं सुमारे 4 लाख. पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा म्हणून स्टालिन 1941 पासून मागे लागला होता. ती उघडली 6 जून 1944 ला. आमच्या रक्तावर हे लोक वेळ काढतात, ही गाठ त्याच्या मनात बसली ती बसलीच. अमेरिकेच्या वहीत मात्र रशियाला दिलेले लाखो ट्रक, डबाबंद मांस, लष्करी बूट यांची नोंद होती. जर्मनी शरण आल्यावर अवघ्या चार दिवसांत तो पुरवठा थांबवण्याचा हुकूम निघाला, निघालेली जहाजं परत फिरवली गेली. चूक लक्षात आल्यावर पुरवठा पुन्हा सुरू झाला, पण मॉस्कोनं घ्यायचा तो अर्थ घेतलाच होता.

माझ्या मते भांडण मुळात बांधाचं होतं. ऑक्टोबर 1944 मध्ये चर्चिल मॉस्कोला गेला. रात्रीच्या बैठकीत त्यानं कागदाच्या अर्ध्या तुकड्यावर आकडे लिहिले: रुमानियात रशियाचं वजन 90 टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचं 90, युगोस्लाव्हियात निम्मं-निम्मं. स्टालिननं निळी पेन्सिल घेऊन त्यावर बरोबरची खूण केली. चर्चिलनंच पुढे लिहून ठेवलंय, की लाखो लोकांचं नशीब असं सहज ठरवलेलं लोकांना निर्ढावलेपणाचं वाटेल, म्हणून हा कागद जाळून टाकू या, असं तो म्हणाला. स्टालिन म्हणाला, नको, तुमच्याकडेच ठेवा. डिसेंबरात ब्रिटिश फौजा अथेन्समध्ये ग्रीक कम्युनिस्टांवर गोळ्या झाडत होत्या, तेव्हा जगातल्या कामगारांचा हा पुढारी गप्प बसला. बांध ठरला होता ना!

पोलंडचा बांध मात्र कधीच ठरला नाही. पोलंडसाठीच ब्रिटन युद्धात उतरला होता. रशियाच्या दृष्टीनं पोलंड म्हणजे जर्मन फौजा येण्याची वाट. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टाला तिघांची बैठक झाली, तिथं मोकळ्या निवडणुकांचं वचन दिलं गेलं, ते पाळलं गेलं नाही. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट वारला आणि ट्रूमन त्याच्या जागी आला. जुलैत पॉट्सडॅमच्या बैठकीत ट्रूमननं, आमच्याकडे एक भयंकर नवं अस्त्र आहे, असं स्टालिनला जाता जाता सांगितलं. स्टालिनच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अणुबॉम्बची बातमी त्याच्या हेरांनी केव्हाच पोचवली होती. मार्च 1946 मध्ये चर्चिलनं युरोपच्या या दुभंगाला 'पोलादी पडदा' हा शब्द जगाच्या तोंडी दिला.

आणि गंमत बघा, ठिणगी पडली ती ग्रीसवरूनच. तिथल्या बंडखोरांना मदत मुख्यतः युगोस्लाव्हियाच्या टिटोकडून येत होती. पण ब्रिटनची तिजोरी रिकामी झाली आणि ग्रीसचा भार अमेरिकेच्या गळ्यात आला. ट्रूमनला ग्रीस-तुर्कस्तानसाठी 40 कोटी डॉलर हवे होते. परक्याच्या बांधासाठी अमेरिकेची संसद एवढे पैसे कशाला देईल? म्हणून 12 मार्च 1947 च्या भाषणात त्यानं दोन जीवनपद्धतींची निवड मांडली, एक स्वतंत्र, एक दडपलेली. सप्टेंबरात स्टालिनचा सहकारी झ्डानोव्ह यानं उत्तर दिलं, की जग दोन छावण्यांत विभागलं आहे. बांधाच्या भांडणाला तत्त्वाचं नाव मिळालं, आणि एकदा तत्त्व आलं, की टक्क्यांत तडजोड करायची सोय उरत नाही. पुढच्याच वर्षी रशियानं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली आणि जवळजवळ अकरा महिने पश्चिम बर्लिनला पीठ आणि कोळसा विमानानं पोचवावा लागला.

पोलोव्स्की शिकागोला परतला आणि टॅक्सी चालवू लागला. दरवर्षी 25 एप्रिलला तो शहरातल्या पुलावर उभा राहून पत्रकं वाटायचा, त्या शपथेची गोष्ट सांगायचा. 1983 मध्ये तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला तोर्गावला, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, पुरण्यात आलं. तो नोव्हेंबर महिना होता. त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीत नवी अमेरिकन क्षेपणास्त्रं उतरत होती.

नमस्कार.