गुण्यात बसली तेव्हा

ही जागा आधी गोठा होती. खुंटे अजून तसेच आहेत पाहा कोपऱ्यात, त्यातल्या एकावर मी आता केबलचं बंडल अडकवून ठेवतो. बैलजोडी विकल्यावर बरेच दिवस इथं नुसतं कुटार आणि ढेपीची पोती होती, मग हळूहळू माझे पाने आले, मग ग्राइंडर, मग वेल्डिंग मशीन, आणि आता मधोमध उभी आहे ती ही, तीन अक्षांची, म्हणजे पुढंमागं, डावीउजवीकडं आणि वरखाली चालणारी सीएनसी मिलिंग मशीन, जी मी शेतीतून वेळ काढत काढत तीन वर्षांत घरीच बांधली.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा तालुका. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन, सोयाबीनमध्ये तुरीची तासं. मी आयटीआय केलं इलेक्ट्रिशियनचं, पण मन लागायचं शेजारच्या मशीनिस्टच्या शॉपमध्ये, कटर फिरतोय आणि लोखंडाची चकचकीत सालटी निघताहेत हे पाहत मी सुट्टी झाली तरी तिथंच उभा राहायचो. तेव्हापासून डोक्यात होतं की अशी एक मशीन आपल्या घरी पायजे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. ड्रिल मशीन फक्त वरखाली जाते, भोक पाडते. मिलिंगचा कटर बाजूनंही धातू खातो, म्हणून त्यात खाच पाडता येते, सपाट करता येतं, पाहिजे तो आकार काढता येतो. आणि सीएनसी म्हणजे हँडल आपण फिरवायच्या जागी मोटर फिरवते, आणि मोटरला किती फिरायचं ते आकड्यांत सांगितलेलं असतं. ही शक्कल विमानांच्या कामातून आली. अमेरिकेत जॉन पार्सन्स म्हणून होते, त्यांच्याकडं हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम होतं, पात्याचं वळण हातानं नेमकं निघेना म्हणून त्यांनी वळणावरच्या एकेका बिंदूचे आकडे काढून त्या आकड्यांवर मशीन चालवायचं डोकं लावलं, आणि पुढं 1952 मध्ये एमआयटी या तिथल्या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात अशी तीन अक्षांची मशीन लोकांना चालवून दाखवली. ती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आकडे वाचायची आणि तिच्या कंट्रोलरमध्ये जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबा होत्या.

माझा कंट्रोलर हा इथं आहे, तळहाताएवढं आर्डुइनो उनो नावाचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्यात चालतं ते जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी 2009 मध्ये सुरू केलेलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना फुकट वापरायला दिलं. 16 मेगाहर्ट्झची चिप, आणि त्यावर मोटरला सेकंदाला 30 हजार स्टेप, म्हणजे पावलं टाकायचे इशारे, पाठवायची ताकद. त्या माणसानं हे वाटून टाकलं म्हणून दारव्ह्याच्या एका गोठ्यात ही मशीन चालते, त्यांचे उपकार मी मनापासून मानतो.

आता हिशोब पाहा, मला हा हिशोब फार आवडतो. स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, म्हणजे एक पाऊल 1.8 अंशाचं. मोटरला करंट देणारा ड्रायव्हर त्या एका पावलाचे 8 तुकडे करतो, झाले 1600. मोटर फिरवते बॉलस्क्रूला, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या लांब आट्याच्या दांड्याला, आणि माझा बॉलस्क्रू एका फेऱ्यात टेबलला 5 मिलिमीटर पुढं नेतो. म्हणजे एका मिलिमीटरसाठी 320 पावलं. असं एक छोटं पाऊल म्हणजे तीन मायक्रॉन आणि थोडं वर, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तुमच्या डोक्याच्या केसाच्या विसाव्या भागाच्या आसपास. हे वहीत लिहिलं त्या रात्री मला झोप नाही आली, वाटलं बस, आता आपण काहीही बनवू शकतो.

पण तीन मायक्रॉन वहीत असतात. मोटर बरोबर चालते हो, ती कुठं चालते तो रस्ताच वाकडा असला तर ती बिचारी वाकड्या रस्त्यानं बरोबर मोजून चालते. हे समजायला मला दोन मशीन लागल्या.

पहिली एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची. उन्हाळ्यात बांधली, मस्त चालली, लाकडावर नावं कोरली, पोरं गोळा व्हायची पाहायला. जुलैमध्ये हवा ओली झाली आणि एमडीएफ फुगलं, टेबल ज्यांवर सरकतं त्या रेल एकमेकींना आवळायला लागल्या, टेबल अर्ध्यात अडकायचं. दुसरी लोखंडाच्या चौकोनी पाईपची, वेल्डिंग मीच केलं, आणि वेल्डिंगचं असं असतं की टाका थंड होताना आकसतो आणि पाईपला आपल्याकडं ओढून घेतो. मी एका बाजूनं सरळ मारत गेलो. सगळं गार झाल्यावर कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा 4 मिलिमीटर मोठा. ग्राइंडरनं कापून परत जोडलं, परत ओढलं.

तेव्हा आमच्याकडं मोरीचं बांधकाम चालू होतं. गवंडी काका चहा पीत पीत गोठ्यात आले, माझ्या सांगाड्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "गुण्यात नाई हे."

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आणि गुण्यात नाही म्हणजे काटकोनात नाही. मी म्हटलं, काका गुण्या लावूनच तर केलं, हा पाहा, नवा आहे, दुकानातून आणला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, जमिनीवर फरशीच्या कडेला टेकवला, पेन्सिलीनं एक रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, त्याच कडेला, त्याच ठिकाणी टेकवून दुसरी रेघ मारली. दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर फाकल्या होत्या, मधात गव्हाचा दाणा बसेल एवढी जागा. "तुहा गुण्याच गुण्यात नाई बाप्पा," काका म्हणाले, "त्याले कोनाले इचारशीन? त्याले उलटा कर, तो सोताच सांगते."

ही गोष्ट मला आयटीआयमध्येही कोणी अशी सांगितली नव्हती. आपल्याकडं महागाचा मास्टर गुण्या नाही, सपाटी तपासायची ग्रॅनाइटची सरफेस प्लेट नाही, मग सरळ म्हणजे काय ते कशावरून ठरवायचं? उलटून. जी चूक आहे ती उलटल्यावर दुप्पट होऊन समोर येते. नंतर वाचलं की सपाट प्लेट बनवायची इंग्रज इंजिनीअर जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये मांडलेली पद्धतही याच वळणाची आहे, तीन प्लेटा घ्यायच्या आणि आळीपाळीनं एकमेकींवर टेकवून उंचवटे खरवडत जायचं. दोनच घेतल्या तर एक फुगीर आणि एक खोलगट होऊन एकमेकींत छान बसू शकतात, तिसरी आली की चोरी पकडली जाते.

तिसरी मशीन मग घाई न करता बांधली. हा खालचा बेस पाहा, हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, भंगारात मिळाला, जुन्या जिनिंगच्या मशीनचा तुकडा, 140 किलो, चार जणांनी उतरवला. बीड जड असतं आणि त्यात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात, म्हणून थरथर त्यात जिरते. लोखंडी पाईपवर हातोडी मारा, घंटेसारखा नाद येतो. यावर मारा, ऐका. ठप्प. कटर चालताना हाच ठप्प पाहिजे.

पण बीड असलं तरी वरून सपाट नव्हतं, आणि एवढा तुकडा बसेल असा शेपर, म्हणजे धातू तासून सपाट करायची मशीन, जवळपास कोणाकडं नव्हता. इथं मी जे केलं ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात आवडतं काम आहे. दोन रेल जिथं बसणार त्या दोन पट्ट्यांभोवती फोमच्या टेपनं बांध घातला, आणि दोघींच्या मधात एक छोटी नाली ठेवली जोडायला. मग एकदम पातळ, हळू वाळून घट्ट होणारं इपॉक्सी, म्हणजे एक प्रकारची राळ, ओतलं. गवंडी लोक पाण्याची लेव्हल पाईप वापरतात ना, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं, तेच. नालीतून इपॉक्सी इकडून तिकडं गेलं, दोन्ही पट्ट्या एका पातळीत आल्या आणि तिथंच दगड झाल्या. बुडबुडे येत होते ते हेअर ड्रायरच्या गरम हवेनं काढले, वर आईचं जुनं लुगडं ताणून झाकलं की धूळ पडू नये, आणि दोन दिवस गोठ्याचं दार बंद, कोंबडी पण आत सोडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा त्यात छताचा पत्रा आरशासारखा दिसत होता, एकही रेघ हलत नव्हती. मी आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, "तळ्यासारखं झालं रे."

पाय तीनच ठेवले. जमीन काळी आहे, उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, फरशी वर्षभर वरखाली होत असते, चार पाय दिले तर एक कधीतरी अधांतरी राहणार आणि सांगाडा पिळणार. तीन दगडांची चूल कुठंही मांडा, डुगडुगत नाही.

मग खांब आणि स्पिंडल, म्हणजे कटर धरून फिरवणारी मोटर. स्पिंडलला डायल गेज लावायचा, एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, आणि स्पिंडल हातानं गोल फिरवत टेबलवर पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं टेकवत पाहायचं. पहिल्यांदा पुढंमागं 18 घरांचा फरक आला. खांबाच्या बुडाशी पातळ पत्री घालायची होती, ती कुठली आणणार, दाढीचं ब्लेड घेतलं, ते बरोबर 0.1 मिलिमीटर असतं. बोल्ट सैल करा, ब्लेडचा तुकडा सरकवा, आवळा, परत फिरवा. आवळला की काटा हलतो, म्हणजे तोही अंदाज घेऊन आवळायचा. चार संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी काटा पूर्ण गोल फिरून दोन घरांच्या आत राहिला, तेव्हा मी गवंडी काकांना फोन केला. ते सायकलनं आले, त्यांनी काहीच न बोलता खिशातून त्यांचा छोटा गुण्या काढून खांबाला लावला, उजेडाकडं धरून पाहिलं, मग उलटा करून पाहिलं. "बसली," म्हणाले.

लाइटचं थोडक्यात सांगतो. पंपाच्या मोटरवर 2880 आरपीएम लिहिलेलं असतं, कारण आपली लाइन 50 हर्ट्झची, दोन पोलची मोटर त्यावर 3000 च्या खालीच फिरणार. या स्पिंडलला व्हीएफडी, म्हणजे लाइनची फ्रिक्वेन्सी बदलून देणारा डबा, 400 हर्ट्झपर्यंत देतो, म्हणून तो 24 हजारांनी फिरतो. पण हाच व्हीएफडी इतका गोंगाट हवेत सोडतो की टेबल टोकाला गेलं की मशीन थांबवणाऱ्या लिमिट स्विचच्या वायरींना भास व्हायचा, काही नसताना मशीन मधातच थांबायची. शील्डवाली केबल टाकली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, तरी एप्रिलमध्ये परत तेच. शेवटी सापडलं, माती वाळून अर्थिंगच्या खड्ड्यापासून सुटली होती. मीठ आणि कोळसा नव्यानं भरला, आणि आता उन्हाळाभर त्यात रोज एक बादली पाणी टाकतो. स्पिंडल थंड ठेवायचं पाणी त्या रांजणातून फिरतं, बादलीपेक्षा रांजणात ते पुष्कळ गार राहतं.

आणि ऊन. मे महिन्यात पहाटे इथं 28 अंश असतं आणि दुपारी पत्र्याखाली 45. लोखंड मीटरमागं दर अंशाला 12 मायक्रॉन वाढतं, म्हणजे हा अर्ध्या मीटरचा बॉलस्क्रू सकाळपासून दुपारपर्यंत मिलिमीटरच्या दहाव्या भागानं लांब होतो. ॲल्युमिनियम तर जवळपास दुप्पट वाढतं. मी एकदा भर दुपारी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात 6204 बेअरिंगचं घर काढलं, 47 मिलिमीटरचं, कटिंगनं ठोकळा आधीच तापलेला, बेअरिंग हातानं गुळगुळीत आत गेलं, मी खुश. बाहेर काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे घालायला गेलो तर तोंडाशीच अडलं. ठोकळा आकसला होता, बेअरिंगपेक्षा जास्त. तेव्हापासून असं नेमकं काम मी पहाटे पाच ते आठमध्येच करतो, गावात पाणी भरायची वेळ आणि माझी बेअरिंगची वेळ एकच.

खर्च विचारतात सगळे. तीन वर्षांत मिळून 85 हजारांच्या आसपास, जास्त पैसा रेल, बॉलस्क्रू आणि स्पिंडलमध्ये गेला.

आज काय चाललंय ते दाखवतो. बाबांच्या टोकण यंत्राची बियाण्याची चकती आहे, पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकची. यंत्राचं चाक 40 सेंटिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात साधारण 125 सेंटिमीटर जमीन चालतं, चकती चाकासोबतच फिरते. 24 भोकं पाडली तर सोयाबीनचा दाणा पाच सेंटिमीटरवर पडतो. 6 पाडली तर तूर वीस-एकवीसवर. तयार चकतीत भोकं ठरलेल्या मापाची, आणि आमचं घरचं बियाणं यंदा बारीक आहे, एका भोकात दोन-दोन दाणे बसायचे. म्हणून बाबांनी पसाभर बी आणून माझ्या टेबलवर ओतलं, मी पन्नास दाणे व्हर्नियरनं मोजले आणि त्या मापाची भोकं काढली.

ही पहिली चकती. बाबा चाचपून पाहताहेत. दाणे टाकले, हातानं फिरवली, खाली एकेक दाणा टपटप पडतोय, बाबा मोजताहेत. सतराव्या भोकातून पडला नाही. विसाव्यातूनही नाही. बाबांनी चकती हातात घेतली, उलटी केली, खालच्या बाजूनं भोकावर अंगठा फिरवला.

"इकडून धार लागते," म्हणाले.

खरंच होतं. कटर खालून बाहेर पडतो तिथं प्लास्टिकची बारीक कोर उरली होती, नखाएवढी पण नाही, पण दाण्याला अडवायला तेवढी पुरते. वरून मी भोकांच्या कडा मारल्या होत्या, खालून पाहिलंच नव्हतं. आता खालूनही कडा मारायच्या म्हणजे चकती उलटून परत तिथंच बसवायची, केसभरही न सरकता, म्हणून टेबलवर या दोन पिना ठोकल्यात, मधल्या रेषेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर. पिनांमध्ये चकती उलटी बसते आहे. बाबा, जरा बाजूला व्हा, स्पिंडल चालू करतो.