क्लारा बॉगला जाण्याआधी

नमस्कार मंडळी,

यंदा सहल ऑफली काउंटीतल्या क्लारा बॉगला, म्हणजे तिथल्या दलदलीला, ठरली, तेव्हा काही जणांनी विचारलं, "मोहरचे कडे सोडून चिखल काय बघायचा?" रास्त प्रश्न आहे.

हिमयुग सरल्यावर, साधारण १०,००० वर्षांपूर्वी, आयर्लंडच्या मधल्या सखल भागात उथळ तळी उरली. त्यांत आधी लव्हाळी साचली, मग वर स्फॅग्नम शेवाळ चढलं. हे शेवाळ पाणी धरून ठेवतं आणि आम्लधर्मी करतं. आत प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे मेलेलं शेवाळ नीट कुजत नाही, थरावर थर बसत जातो. यालाच पीट म्हणतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर! मीटरभर खाली म्हणजे हजारेक वर्षं मागे.

आणि त्या थरांत काय काय टिकलंय! लाँगफर्डमधल्या कॉर्लीला ओकच्या फळ्यांचा रस्ता निघाला. लाकडातल्या वर्तुळांवरून कळलं, की ती झाडं इ.स.पू. १४८ च्या सुमारास तोडलेली. २००६ साली टिपररीत फॅडन मोरच्या बॉगमधून सुमारे १,२०० वर्षांपूर्वीची स्तोत्रांची पोथी आली, चामड्याच्या वेष्टनासकट. वेष्टनाला आतून पपायरसचं अस्तर! आयर्लंडच्या चिखलात इजिप्तकडची वस्तू. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती जरूर पाहा.

साताऱ्याच्या कास पठारावर कीटक खाणारी दवबिंदू वनस्पती पाहिलेले इथे बरेच जण असतील. तिची गोल पानांची बहीण क्लाराला भेटेल. जात वेगळी, पण कारण तेच: जमिनीत पोषण नाही, म्हणून किडे पकडायचे.

इथल्या कितीतरी घरांनी पिढ्यानपिढ्या टर्फ, म्हणजे वाळवलेलं पीट, जाळून थंडी काढली, त्यांना नावं ठेवणारे आपण कोण? पण यंत्रांनी केलेला उपसा फार मोठा होता. 'बोर्ड ना मोना' या सरकारी कंपनीने पीट काढणं कायमचं थांबवल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. आता चर बुजवून पाणी पुन्हा अडवलं जातंय. क्लारा १९८७ पासून राखीव आहे, तरी कडेने झालेल्या उपशामुळे तोही खचला.

आपल्या हातात एक गोष्ट आहे. तुळस, कढीपत्ता लावायला आपण जी कंपोस्टची पिशवी आणतो, तिच्यात बऱ्याचदा हेच पीट असतं. पुढच्या वेळी 'पीट-फ्री' लिहिलेली घ्या, मी कळकळीने सांगते.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून गाडी थेट क्लाराला जाते. मुलांना गमबूट घाला, रेनकोट घ्या आणि बॉगवर फळ्यांच्या वाटेवरूनच चाला. नावं आज जेवणाआधी द्या.